अंतरपाट धरणाऱ्या भावजींना

भावजी,

तुम्ही झोपेत आहात, म्हणून लिहून ठेवते. पोरीला, इंद्राणीला, घेऊन मी पहिल्या बसने फ्लाक शहरातल्या सरकारी कचेरीत जाते.

तुमचे दादा गेल्यावर विधवेला सरकार जी मदत देतं, ती माझी अडली आहे. तिथला बाबू म्हणाला, "बाई, तुझं लग्न दफ्तरात कुठं आहे? कागदावर तू कुमारीच." मी म्हटलं, "मिस्ये, साहेब, आमची लग्नं समाजाच्या बैठकेच्या मांडवात लागतात. सगळं लालमती गाव जेवून गेलं होतं." तो नुसता हसला. मी कुमारी, तर बायांनी उंबऱ्यावर बसवून माझा हिरवा चुडा कुणाच्या नावानं फोडला?

आता साक्षीदार आणा म्हणतो. भटजी वारले, मामंजी गेले. आमच्यामधला अंतरपाट धरून उभे होते, त्यांतले तुम्हीच एक उरलात.

कचेरी दुपारपर्यंत उघडी असते. या, आणि पाहिलं तेवढंच सांगा. मी बायको ठरले तर घरात वाटा मागेन, हे तुमच्या मनात कुणी भरवलं ते मला ठाऊक आहे. मला वाटा नको. पोरीची शाळा सुटू नये, नाहीतर तीही माझ्यासारखी उसाच्या मळ्यात जाईल.

फारात्याच्या पोळ्या आणि भाजी झाकून ठेवलीय. पांढरा सदरा धुऊन खुंटीला लावलाय.

नाही आलात, तरी संध्याकाळी ताट वाढीनच. पण तुमच्या दादांची मी कुणी नव्हतेच, तर ताटावर बोलावताना तुम्हाला काय म्हणून हाक मारू, तेवढं सांगून ठेवा.

सत्यवती