कावेखालचे फोड

१२ मार्च, मंगळवार
हे रविवारी रात्री चारा छावणीतनं घरी आलते, पहाटे परत म्हशींकडं गेले. आज निरोप आला, ताप हाय, अंग ठणकतंय. मी डबा घेऊन गेले. जांघेत फोड, त्याच्यावर गेरूसारखी लालभडक काव फासलेली. म्हणाले नागीण निघाली, वस्तीवरच्या बाबाकडनं मंतरून घेतली.
नागीण आमच्या आप्पांना निघालती, बरगडीला. जांघेत कधी ऐकली न्हाई. मी नुसती बघत राहिले, तर ह्यांची मान खाली. म्हणाले, छावणीत रोजानं चारा वाटते ती बाई... पुढचं मीच बोलून टाकलं. न्हाई म्हणाले न्हाईत.
राग लई आला. रडू आलं न्हाई. पण रविवारी आम्ही एकाच बाजेवर निजलो, ते आठवलं.

१३ मार्च
डेअरीत सकाळपाळी. गावाचं दूध मीच तपासते. तपासल्याबिगर कुणाचं कॅनमध्ये ओतू देत न्हाई, चेअरमनचं असलं तरी. मग स्वतःचं रक्त तपासायला लाज कशाची? सासूबाईंना सांगितलं, फॅट मशीनच्या कामाला बीडला जाते. ह्यांना सांगितलं, तुमी बी यायचं. कुरकुर केली. चालू दिली न्हाई.

१५ मार्च, शुक्रवार
बीड, सरकारी दवाखाना, गुप्तरोगाचा विभाग. बाकावर सगळे बाप्ये, मी एकटी बाई. एकजण टक लावून बघायला. म्हटलं, काय दादा, वळखीची वाटते का? उठून पलीकडं बसला.
डॉक्टरीणबाईंना कावेमुळं फोडच दिसंनात. धुवून या म्हणाल्या, तर नळाला पाणी न्हाई. माझी प्यायची बाटली दिली. हे धुवून आले, आन् मी दिवसभर कोरड्या घशानं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नागीण वाटत न्हाई, जांघेतला हर्पिस असंल. अंगाला अंग लागून येतो, कायमचा जात न्हाई, गोळ्यांनी दबतो. ह्यांच्या फोडातलं पाणी घेतलं. माझ्या अंगावर काही न्हाई, तरी रक्त घेतलं. एचआयव्हीचं दोघांचं. पण हर्पिस माझ्या रक्तात आत्ताच दिसणार न्हाई, तीन महिन्यांनी परत द्या, फोड उठला तर लगेच या. तवर नवऱ्यापासून लांब. म्हटलं, ते तर मी मंगळवारपासूनच हाय. बाई हसल्या.

२५ मार्च
ह्यांचा हर्पिसच. एचआयव्ही दोघांना न्हाई. माझं सगळं साफ, म्हणजे खरं तर अजून काहीच कळलं न्हाई.
म्हटलं, छावणीतल्या तिला बी सांगा, तपासून घेईल. ह्यांची जीभ रेटंना. मीच गेले. तिला वाटलं भांडायला आले, पदर खोचून उभी. सगळं सांगितलं. भांडायचं मनात न्हवतं असं न्हाई, पण ती बी घाबरलेली. मग एवढंच बोलली, "तितं बायांना बसू देतात का?"
"मी बसलते."

एप्रिल, तारीख बघितली न्हाई
काखेत घामोळं उठलं तरी आरसा घेऊन बसते. येडी. कामात बरं वाटतं.

१७ जून, सोमवार
दुसऱ्यांदा रक्त देऊन आले, एकटीच. रिपोर्ट शुक्रवारी. ती बाई बी बाकावर दिसली. सरकून जागा दिली.
छावणी उठली. उद्या जनावरं घरी.

१८ जून
दिवेलागणीला हे म्हशी घेऊन दारात. म्हशी आत घेतल्या, पाणी पाजलं. हे उंबऱ्याबाहेरच. सासूबाई म्हणाल्या, का उभा हायस, ये की आत. हे माझ्याकडं बघायले.
म्हटलं, "बाज ओसरीवर टाकलीय. शुक्रवारी रिपोर्ट येतो."
"अन् साफ निघाला तर?"
"तर माझं रक्त साफ. तुमचं मी अजून ठरवलं न्हाई."
जेवायला वाढलं. भाकरी गरमच होती.