रिकामी खोकी

नाशिक,
३ नोव्हेंबर २०२५

चि. अंतरा हिस पूर्णिमाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र आलं. गिरीशने दिवाळीच्या खुशालीच्या चार ओळी लिहिल्यात आणि शेवटी घाईघाईत ‘अंतरा हल्ली दर गुरुवारी एका हॉटेलात कंट्री गाते’ असं लिहून मोकळा झालाय. अगं, आमच्या नाशकात कंट्री म्हणजे कोपऱ्यावरचं देशी दारूचं दुकान! मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. बारा वर्षं मेच्या सुट्टीत समोर बसवून तुझा सा घोटून घेतला, तो दारुड्यांपुढे लावायला का? शेवटी शेजारच्या सुनीतीने समजूत घातली की तसलं अमेरिकेत काही गाणं असतं. असेल बाई. तूच काय ते नीट लिही.

फोन मात्र करू नकोस. फोनवर नुसतं हॅलो हॅलो होतं आणि माझं डोकं उठतं. पत्र लिहिलंस तर तुझं मराठीही गंजणार नाही. मागच्या पत्रात ‘आशिर्वाद’ लिहिलंयस. शि ऱ्हस्व कसा गं? बावीस वर्षांची घोडी झालीस! ते पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवतेय.

आमच्या गल्लीतले कौशिकराव आठ दिवसांसाठी दोह्याला निघालेत, त्यांच्याबरोबर चिवडा दिलाय. तुझ्या आईला, शैलजाला सांग, डबा परत हवा.

रागावले तरी माया आटलेली नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी,
पूर्णिमाआत्या

बिन महमूद, दोहा,
११ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप पूर्णिमाआत्यास अंतराचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आपले पत्र पावले. वाचून अतिशय आनंद झाला. इकडील सर्व क्षेम असून तिकडील क्षेम कळवत जावे.

(हे वरचं आईच्या जुन्या पुस्तकातून उतरवलंय. बरोबर आहे ना?)

देशी दारूचं वाचून बाबा खुर्चीतून पडायचे बाकी होते. आत्या, कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांतली, शेतावरची साधी गाणी. आई, घर, लांबचा रस्ता, मोडलेलं मन, आणि सोबत गिटार. दिवसा मी अल रय्यानच्या ऑफिसात असते आणि गुरुवारी संध्याकाळी गाते. समोर गॅस कंपन्यांतले टेक्सासचे लोक जेवत असतात. एका काकांनी मला विचारलं की तू टेक्सासच्या कुठल्या गावची. मला इतकं भारी वाटलं! आमचा गिटारवाला हाफिज कोळिकोडचा आहे. तो नुसतं म्हणाला की नक्कल चांगली करतेस. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. (हे तुझ्याकडूनच आलंय म्हणे.)

आता मुख्य गोष्ट. मी माझं स्वतःचं पहिलं गाणं केलंय. इंग्रजी आहे, पण आपल्या घराचं आहे. आमच्या कपाटांवर टीव्हीची, मिक्सरची, पंख्याची रिकामी खोकी आहेत, आठवतं? बाबा एकही टाकू देत नाहीत. पुढच्या वर्षी परत जायचंय, सामान कशात भरणार, असं तेवीस वर्षं म्हणतायत. त्या खोक्यांवर गाणं आहे.

ते मी दोन तऱ्हांनी गायलेय. पहिलं टेक्सासच्या ढंगात, दुसरं आपण घरी बोलतो तशा आवाजात. हॉटेलचे मॅनेजर म्हणतात पहिलंच चालेल. हाफिज म्हणतो दुसरं. दहा डिसेंबरला गाणं इंटरनेटवर जाणार, आणि मग जन्मभर माझा आवाज म्हणून लोक तेच ओळखणार. मला झोप नाही. तू सांगशील तेच ठेवीन. तू कधीच खोटी वाहवा केली नाहीस. सातवीत गाण्याच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, तेव्हा तू म्हणालीस की बक्षीस ठेव, पण कोमल ग चुकलाय. म्हणून तुलाच विचारतेय. कौशिककाकांबरोबर पेनड्राइव्ह पाठवलाय. इन्शाल्ला वेळेत पोचेल.

आशिर्वाद असावा. (पुस्तक मिटल्यावर लिहिलंय.)

तुझी,
अंतरा

नाशिक,
२० नोव्हेंबर २०२५

चि. अंतरा हिस अनेक आशीर्वाद.

पेनड्राइव्ह मिळाला. सुनीतीने तिच्या लॅपटॉपला मोठा स्पीकर जोडून दिला. दोन्ही गाणी ऐकली. काय आवाज लागलाय गं! मोकळा, भरलेला. मी मुद्दाम खोड काढायला बसले होते, पण शोधूनही चूक सापडली नाही. त्यातलं पहिलं ठेव. पहिल्यात जोर जास्त आहे. मॅनेजर म्हणतात ते बरोबर.

इकडे थंडी पडलीय. बाकी विशेष नाही. चिवड्याचा डबा आला नाही.

लोभ वाढतोच आहे, त्याला काय सांगायचं?

तुझी,
पूर्णिमाआत्या

दोहा, २७ नोव्हेंबर

आत्या, पेनड्राइव्हवर माझा आवाजच नव्हता.

नुसती गिटार होती. दोन्हीत. कौशिककाका विमानतळावर निघाले होते म्हणून मी यल्ला यल्ला करत हाफिजच्या मागे लागले, आणि त्याने गाण्याऐवजी नुसत्या गिटारच्या फाइली भरल्या. काल त्याच्या लक्षात आलं. मला आधी हसू आलं. मग तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. काय आवाज लागलाय गं, मोकळा, भरलेला.

तू काय ऐकलंस आत्या?

तुझं पत्र आल्यावर मी हवेत होते. आईला, ऑफिसातल्या सलमाला, सगळ्यांना सांगत सुटले की आत्याला चूक सापडली नाही. टेक्सासवालं नक्की करून टाकलं, खलास. आणि आता कळतंय फोन का नको होता. कधीपासून? बाबांना का नाही सांगितलंस? मला का नाही? मी रागावलेय आणि रडतेय पण, दोन्ही. खोटी वाहवा करणारे इथे ढीगभर आहेत गं, तूच एक त्यातली नव्हतीस. आता मी कुणाला विचारू? बाबांना मी काही बोलले नाहीये. आशिर्वाद नको मला. खरं लिही.

अंतरा

नाशिक,
३ डिसेंबर २०२५

चि. अंतरा,

खरं लिहिते. डावा कान गेल्या वर्षी गेला, उजवा या पावसाळ्यात. डॉक्टरांनी यंत्र दिलं. त्यातून तानपुरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागला, म्हणून काढून ठेवलं. चाळीस वर्षं पोरींचे कान पिळले आणि आपलेच कान गेले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मला लाज वाटली गं.

त्या दिवशी सुनीतीला चहा करायला पिटाळलं आणि स्पीकरवर हात ठेवून बसले. पहिल्याला थरथर जास्त लागली. म्हटलं पोरगी दणकून गातेय. तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. चुकले. खोटं बोलले, ते तर त्याहून वाईट. म्हातारीला माफ कर.

गाण्याबद्दल आता मला काही विचारू नकोस. पत्राबद्दल मात्र सांगू शकते. ते तुझं ‘इकडील सर्व क्षेम’ वाचलं, तेव्हा मला कुणाचाच आवाज आला नाही. आणि तुझ्या या ताज्या पत्राला मायना नाही, शेवट नाही, ओळी वाकड्या. पण वाचताना तू पुढ्यात बसून माझ्याशी तावातावाने भांडतेयस, असं ऐकू आलं. वर्षभरात मी इतकं स्पष्ट काही ऐकलं नव्हतं. खोकी तुझ्या बापाची, घर तुमचं, मग ती टेक्सासच्या माणसाने कशाला वाहायची? दहा तारीख जवळ आलीय. ठरव तुझं तू.

गिरीशला मीच लिहिते, तू मध्ये पडू नकोस. तुझं पत्र या वेळी लाल करून पाठवत नाही. ‘आशिर्वाद’सुद्धा तसाच राहू दे, आणि नको म्हणालीस तरी तो घे.

सुट्टीत ये आणि गिटार आण. एक हात तिच्या पोटावर ठेवीन, दुसरा तुझ्या गळ्यावर. ग चुकला तर हाताला कळेल. सुटलीस असं समजू नकोस.

तुझी,
आत्या