पैलवानाच्या पोटऱ्या

चि. सौ. निकिता हिस,
थोरल्या दिराचा आशीर्वाद.

पार्थच्या तपासणीसाठी तू आज पुण्याला गेलीस म्हणून लिहितो आहे. पाठवणार मात्र नाही. भावजयीची स्तुती करायची आपल्या घरात रीत नाही, आणि मला सवय नाही.

तुझा सहा वर्षांचा पार्थ चालताना पडायचा. उठताना मांड्यांवर हात रोवून जणू स्वतःच्याच अंगावर चढायचा. पण पोटऱ्या अशा भरदार, की आबा गावभर सांगायचे, "नातू जन्माचा पैलवान हाय!" मीही 'नाव अर्जुनाचं, पाय भीमाचे' म्हणून पांडित्य पाजळलं. आबांनी त्याला तालमीत बैठकांना जुंपलं.

पडणं वाढलं म्हणून त्याला दाखवलं, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं आपण सगळ्यांनी ऐकलं. समजलं एकट्या तुला. परवा तू थेट तालमीत शिरलीस, जिथे बायका कधी पाऊल ठेवत नाहीत.

"आबा, ही ताकद न्हाई. स्नायू झिजत्यात अन् त्या जागी चरबी भरतीय. बैठकांनी त्याचं हाय तेबी बळ जाईल."

"मग पोरानं मोठं व्हायचं कसं?"

"व्हईल तसं व्हईल. आपुन त्याला जपायचं."

तू तशीच शाळेत शिक्षकांना सांगायला गेलीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. आबांनी नातवाला खांद्यावर घेतलं आणि राहात्याच्या भर बाजारातून घरी आणलं.

कुणी तरी ओरडलं, "वस्ताद, नातवानं कुस्ती मारली का?"

आबा म्हणाले, "न्हाई गड्या, सुनेनं. आन् चीत झालो तो मी."

तुझा,
आदिनाथभाऊजी