काच गोठायच्या आत

४ नोव्हेंबर
गॅसवाल्यांचा फोन. थकबाकी भरा, नाहीतर शुक्रवारी दुपारी पुरवठा तोडणार! संपलं सगळं. एवढा मोठा बाटल्यांचा कारखाना, एवढे सत्कार – आणि आज गॅसच्या बिलाची ऐपत नाही.
बँकेत गेलो, तर साहेबाने 'बसा'सुद्धा म्हटलं नाही. पूर्वी गाडीपर्यंत सोडायला यायचा, लेकाचा!

५ नोव्हेंबर
भट्टीवरचे मिस्त्री आले. "साहेब, गॅस जायच्या आत वितळलेली काच खाली पाण्याच्या हौदात सोडून देऊ. आत गोठली तर भट्टीच फुटेल."
म्हणजे आपल्या हाताने गाशा गुंडाळायचा? आणि गावभर बोभाटा? खेकसलो त्यांच्यावर – "माझी भट्टी विझणार नाही!" गुमान गेले.

६ नोव्हेंबर
धाकट्या भावाला फोन केला. केलाच शेवटी! दुसऱ्या भट्टीसाठी कर्ज काढू नको म्हणून भांडून वेगळा झाला होता. आता त्याचा धंदा जोरात आहे. म्हणाला, "दादा, तुझ्या हातात एक पैसा देणार नाही." थोबाडीत बसल्यासारखं झालं.
जेवण गेलं नाही. ही ताट उचलत म्हणाली, "तुमचं नाक राहील हो. भट्टी जाईल."


७ नोव्हेंबर
सोडली काच. खालचं भोक मीच उघडलं. लाल धार हौदात पडत राहिली. वाफेत कुणाला कुणी दिसत नव्हतं. बरं झालं – मी रडत होतो.

२० नोव्हेंबर
बँकेने कुलूप ठोकलं. गाडीही नेली. चालत घरी आलो.

९ डिसेंबर
सकाळी उठायचं कशासाठी?

१२ फेब्रुवारी
बँकेने कारखाना विकला. घेणारा कोण – धाकटा! त्या पैशात माझं सगळं कर्ज फिटलं. संध्याकाळी घरी आला. मी म्हटलं, "एक पैसा देणार नव्हतास ना?"
"तुझ्या हातात कुठे दिला? बँकेला दिला. भट्टी फुटली असती तर फिरकलोही नसतो." मग चहा संपवून म्हणाला, "दादा, भट्टी तू बघ. सह्या मी करीन."
भाऊ आहे की वैरी? माझ्याच कारखान्यात मी पगारी नोकर? मेलो तरी जाणार नाही!
ही नुसती हसली. हसण्यासारखं काय आहे?

१ मार्च
सातच्या पाळीला हजेरी लावली. मिस्त्रींच्या नावाखाली माझं नाव. कुणाचं काही देणं नाही, कारखान्यातली एक वीटही माझी नाही. भट्टी पेटवली.