येळ अमावास्येला दाखवलेलं सोलापूर

नायना, तुझा थोरला भाऊ, माझा पेद्दनायना, आपल्याला गावाकडे न्यायला आला होता, त्या दिवसाबद्दल तुझ्याशी एकदा बोलायचं राहून गेलंय. तू होतास तेव्हा तुला मागावरून उठायला वेळ नव्हता, आणि मला वाटायचं, बोलू कधीतरी. आता मी तुझ्यापेक्षा म्हातारी झाले. मराठीत लिहिते आहे म्हणून रागावू नकोस. घरात आपण बापलेक तेलुगू बोललो, पण लिहायला मला शाळेने मराठी शिकवलं, आणि तुला तर दोन्हीतलं काहीच वाचता येत नव्हतं. कुठल्याही भाषेतला कागद हातात पडला की तू तो उलटसुलट करून माझ्याकडे द्यायचास आणि म्हणायचास, "वाच." तेव्हा हेही मीच लिहिते आणि मीच वाचते.

पेद्दनायना निजामाच्या मुलखातून आला तेव्हा मी मराठी तिसरीत होते. त्याने खांद्यावरचं गाठोडं उंबऱ्यात ठेवलं आणि पाणी प्यायच्या आधी तुझे तळहात उघडून पाहिले. मला तेव्हा कळलं नाही तो काय पाहतोय. नंतर अम्माने सांगितलं, मागावर धोटा फेकून पडणारे घट्टे अजून आहेत की नाहीत ते. गावाकडे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं की तू माग सोडलास, गिरणीत लागलास, ताडीच्या दुकानात बसतोस आणि पोरीला शाळेत घालून बिघडवलीस. घट्टे दिसले तरी त्याचं समाधान झालं नाही. जेवताना तो म्हणाला, "गावाकडचा माग रिकामा पडलाय. आई वाट बघतेय. परवाच्या गाडीने सगळे चला." विचारत नव्हता, सांगत होता. तू त्याला उभ्या जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतंस. मी भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसले. गावाकडे शाळा नव्हती. तिथे गेले असते तर मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता माझं लग्न झालं असतं, आणि हे मला त्या वयातही पक्कं ठाऊक होतं.

तू ताटातून मान वर न करता म्हणालास, "अन्ना, उद्या माग बंद. एकदा गाव बघून घे, मग बोलू." चुलीपाशी बसलेल्या अम्माला हसू आवरलं नाही. "काय दाखवणार याला?" ती म्हणाली. "तू तरी बघितलंयस का?" तू डोळे वटारलेस. पण ती खरंच बोलत होती. तू सोलापुरात आलास, इथे माझा जन्म झाला, मी तिसरीत गेले, तरी तुझं सोलापूर म्हणजे घर, मागांचा कारखाना, लुगडी पोचवायचं सावकाराचं दुकान आणि परत घर. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरायची तेव्हा संक्रांतीच्या लुगड्यांची घाई असायची. आम्ही शेजारणींबरोबर जत्रेला जायचो आणि तू दिवा लावून विणत बसायचास.

दुसऱ्या दिवशी येळ अमावास्या होती. आपल्याकडे अमावास्येला माग बंद, आणि शेतीवाल्यांचा तर तो सणच. सकाळपासून बैलगाड्या भरून माणसं शेतावर जेवायला निघाली होती, आंबिलाची मडकी हिंदकळत होती, पेठा मोकळ्या पडल्या होत्या. सणासुदीलाही गडबडीत असणारं शहर त्या दिवशी जणू झाडून-पुसून कुणीतरी आपल्या तिघांपुढे ठेवलं होतं. तू धुतलेलं धोतर नेसलास, टोपी घातलीस. मी मध्ये, तू पुढे, पेद्दनायना मागे. चौकात तू एका पानवाल्याशी हळूच काहीतरी बोललास. मी लगेच ओळखलं, तू किल्ल्याची वाट विचारत होतास.

किल्ल्याच्या दरवाजाशी पोचलो आणि तू थबकलास. मान मागे टाकून बुरुजाकडे असा पाहत राहिलास की टोपी पडली. मग भानावर येऊन भावाला इतिहास सांगायला लागलास. काय सांगत होतास देव जाणे! हा दगड विजापूरहून आणला, तो बुरूज एका रात्रीत बांधला, इथे राजाचे हत्ती पाणी प्यायचे. आमच्या बाईंनी वर्गात सांगितलेलं यातलं एकही नव्हतं, पण मी तोंड मिटून घेतलं. पेद्दनायनाने काठीने दगड ठोकून पाहिला. "गावाजवळ आहे की किल्ला," तो म्हणाला. "याच्याहून मोठा."

मग तू टांगा केलास. आपण टांग्यात बसलो! मला अजून तो घोड्याचा वास आणि चामड्याच्या गादीचा गारवा आठवतो. टांगेवाल्याने विचारलं, "कां जाना है, मामू?" आणि तू रुबाबात म्हणालास, "जे जे बघण्यासारखं हाय, तिकडं." त्याने आपल्याला विजापूर रस्त्याने कंबर तळ्यावर नेलं. काठाशी उतरलो. पाण्यावर इथून तिथवर कमळाची पानं पसरलेली, मधूनमधून गुलाबी फुलं, आणि पांढरे पक्षी पानांवरून चालत होते. पाण्यावरून चालणारे पक्षी मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तूही. तू काठावर उकिडवा बसलास, पाण्यात बोटं बुडवलीस आणि टांगेवाल्याला विचारलंस, "हे हितंच असतं? रोज?" तो हसायला लागला. "अरे बापू, तालाब कहाँ जाएंगा?" तरी तुझा विश्वास बसत नव्हता. रोज सकाळी उठून आपण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होतो तेव्हा हे सगळं इथे उमललेलं होतं, याचंच तुला नवल वाटत होतं. पेद्दनायना टांग्यातून उतरलाच नाही. तो तिथूनच तुझ्याकडे पाहत होता.

परतताना गिरणीजवळ भोंगा झाला. घरी आपण तो रोज ऐकायचो, त्यावर अम्मा चूल पेटवायची. पण जवळून ऐकला तेव्हा तो कानांत नाही, छातीत शिरला. घोडा बिचकला. फाटकातून माणसं बाहेर पडायला लागली ती थांबेचनात. डोक्यावर कापसाची पिंजर, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, सगळं एकदम. चिमणीचा धूर त्या सगळ्यांवरून सावकाश पलीकडे चालला होता. तू म्हणालास, "अन्ना, एवढी माणसं! ही सगळी जेवतात कुठं?" पेद्दनायना म्हणाला, "याच्यात तू हरवलास तर मी कुणाला विचारायचं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मला पहिल्यांदा त्याची दया आली, आणि भीतीही वाटली. कारण रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते, घाबरलेल्याची कशी घालणार?

सिद्धेश्वराला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नायना, तो क्षण मला जसाच्या तसा दिसतो. आपण तळ्याच्या काठाने येतोय. समोर पाणी, पाण्याच्या मधोमध देऊळ, आणि पलीकडे सकाळी पाहिलेल्या त्याच किल्ल्याचे बुरूज पाण्यात उलटे उतरलेत. सकाळी त्याच बुरुजांखाली उभे राहून आपल्याला त्यांच्या मागे काय आहे ते समजलं नव्हतं. वारा अजिबात नाही. देवळात घंटा वाजली आणि तिचा नाद पाण्यावरून आपल्यापर्यंत आला. तू माझा हात इतका घट्ट दाबलास की दुखलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तुला सुचत नव्हतं. "चूडु," तू म्हणालास, बघ. मग भावाला, "चूडु." मग कुणालाच नाही, नुसतं, "चूडु." भावाचं मन वळवायला आणलं आहे, हे तू पार विसरून गेलास. मी आयुष्यात पुढे पुष्कळ देवळं पाहिली, समुद्र पाहिला. पण माणूस इतका दिपून गेलेला मी परत पाहिला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हा मला काही मागायचं सुचलं नाही, मी तुझ्याकडेच बघत राहिले.

बाहेर पडलो ते होम मैदानावरून. गड्डा तोंडावर आला होता. दुकानांच्या जागा आखायला मैदानभर खुंट्या ठोकून सुतळ्या ताणल्या होत्या, वीतभर उंचीवर. तू मागे वळून वळून देवळाकडे पाहत चालला होतास. पहिल्या सुतळीशी तुझे पाय आपोआप थांबले. तू वळलास, सुतळीच्या कडेकडेने खुंटीपर्यंत गेलास, खुंटीला वळसा घातलास. पुढे दुसरी सुतळी. पुन्हा वळसा. तुझ्यामागे मी, माझ्यामागे पेद्दनायना. माझ्या नातवंडांना हे समजावून सांगावं लागतं, की आपल्या गल्लीत खळ लावायला रस्त्यावर ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, पसरलेला असायचा, तो ओलांडायचा नाही, कितीही घाई असली तरी टोकापर्यंत जाऊन फिरून यायचं. चालायला लागलेल्या पोरालासुद्धा आधी तेच शिकवत. तर आपण तिघं त्या रिकाम्या मैदानावर इकडून तिकडे, तिकडून इकडे, नागमोडी चाललो होतो. खुंट्या ठोकणारा माणूस कमरेवर हात ठेवून पाहत राहिला, मग त्याला राहवलं नाही.

"ओ पावणं! काय हरवलंय का काय तुमचं?"

"न्हाय, न्हाय," तू म्हणालास. "जातोय घरला."

"मग सरळ जावा की! सुतळी हाय ती, साप न्हाय. वलांडा!"

तू गोंधळून सुतळीकडे पाहिलंस. तुझं मराठी तेवढ्यास तेवढं. "ताणलेलं सूत हाय," तू म्हणालास. "आमी न्हाय वलांडत."

"आवो, सूत कुटलं, काथ्याची सुतळी हाय! लई झालं तर चार आण्याची."

"ताणलं म्हंजी सूतच की," तू म्हणालास, आणि पुढच्या खुंटीकडे निघालास.

मागून आवाज आला म्हणून मी वळले. पेद्दनायना हसत होता. आल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता त्याला उभं राहवेना, तो तिथेच मातीत बसला. हसू थांबलं तसा त्याने उपरण्याने तोंड झाकून घेतलं. तू घाबरून त्याच्याजवळ गेलास. तो म्हणाला, "लोकांनी मला सांगितलं, तुझा भाऊ बदलला. परमुलखात जाऊन आपलं सगळं विसरला. मी रात्र रात्र जागा राहायचो रे." मग त्या ओळीने पसरलेल्या सुतळ्यांकडे हात करून म्हणाला, "आणि हा इथे काथ्याला वळसे घालतोय." तो खुंट्यावाला बिचारा आपलं काहीतरी चुकलं असं वाटून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

त्या रात्री जाण्याराहण्याचं कुणीच बोललं नाही. मी दप्तर उशाशी घेऊन झोपले. सकाळी त्याने आपल्याला सामान बांधायला सांगितलं नाही; त्याला पोचवायला आपण स्टेशनावर गेलो. गाडी लागली तसा पेद्दनायना आत चढला. गाठोडं आत ठेवून तो दारात उभा राहिला आणि तुला म्हणाला, "तुला वाटलं, मला कळलं नाही? पानवाल्याला वाट विचारलीस, टांगेवाल्याला विचारलंस. इतकी वर्षं इथे राहून तू काहीच पाहिलं नव्हतंस. आज ना उद्या परत जायचंय, अशा हिशेबाने राहिलास. काल पाहुणा मी नव्हतो रे, तू होतास." तू मान खाली घातलीस. तेव्हा त्याने तुझ्या टोपीवर हात ठेवला. "राहायचं तर घरच्यासारखा राहा. आईला मी सांगतो." गाडी हलली तेव्हा तो माझ्याकडे पाहून ओरडला, "पोरी, शाळा चुकवू नको!" त्याने मला परत कधी पाहिलं नाही, पण मी शाळा चुकवली नाही.

पुढच्या अमावास्येला तू अम्माला आणि मला टांग्यातून कंबर तळ्यावर नेलंस. त्यानंतर गावाकडचं कुणीही आलं की दुसऱ्या दिवशी तुझी टोपी डोक्यावर चढायचीच. किल्ल्याचा इतिहास तू दरवर्षी वाढवत नेलास. शेवटी शेवटी तर हत्तींची नावंही सांगायचास.

आता तो वारसा माझ्याकडे आहे. लेकीच्या सासरचे येतात, नातवाचे मित्र येतात, मी त्यांना सगळं दाखवते आणि हत्तींची नावंही सांगते. पण तुला एक सांगायचं आहे. मीही तुझ्यासारखीच पाहुणी निघाले. पाहुणा आल्याशिवाय माझे पाय तिकडे वळत नाहीत. वर्षभर कुणी आलं नाही. परवा संध्याकाळी मला राहवेना. मी चांगलं लुगडं नेसले आणि एकटीच निघाले. शेजारीण ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कुटं निघाला, आज्जी?" मी म्हटलं, "पाहुणा आलाय गं, त्याला तळं दाखवून आणते." तिने माझ्या मागे-पुढे पाहिलं. पाहुणा कोण, ते मी तिला सांगितलं नाही.