कापून टाकलेले श्वास

चाचा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी डिंभ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत हे लिहायला बसलेय. इथं धरणावर एका छोट्या फिल्मचं शूटिंग चाललंय, तिचं पार्श्वसंगीत मी करतेय. हो, मीच. मधे नाशिकला मोबाईल विकले, आळेफाट्याच्या एका हॉटेलात कांदे चिरले, तिथली मिसळ अजून लई तिखट आहे, पण ते राहू दे.

तुमचं जुन्नरचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान, मागं लगेच स्वयंपाकघर. चाची भाकरी थापतायत. तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करून म्हणताय, "ह्या बाईचं दुःख वाजव." मी पेटीवर सुटतेच. तुम्ही भाता दाबून धरता. "ओठ बघ तिचं. ती बोलतीय ना? मग तू कशाला मधी बोलतीस? ती थांबंल तवा वाजव." आतून चाची म्हणतात, "सोता कुणाला बोलू देत न्हाईत, अन् पोरीला शिकवत्यात!" तुम्ही आधी रेडिओवर मुलाखती घ्यायचात; तिथं गप्पांचे कार्यक्रम नवे होते तेव्हापासून तुमची हीच रीत. माईकसमोर माणूस गप्प झाला की बाकीचे घाबरून गाणं लावायचे, तुम्ही थांबायचात, आणि मग तो खरं बोलायचा. तेच कान घेऊन तुम्ही मुंबईला सिनेमाच्या पार्श्वसंगीतात गेलात. पडद्यावर नाव दुसऱ्यांचं यायचं.

पुढं आपल्याकडच्या छोट्या रेडिओ केंद्रावर मी कामाला लागले आणि तिथं तुमची मुलाखत घेतली. मुंबई का सोडली, असं विचारल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प बसलात. मग म्हणालात, "सुट्टीला घरी आलो, तर दारातली माझी पोरगी आत वरडली, अम्मी, पावणं आलं." कार्यक्रम अर्ध्या तासात बसवायचा होता. मी तुमचं सगळं थांबणं कापलं आणि कॉम्प्युटरवर जागा होईना म्हणून मूळ फाईल पुसली. आता त्या कार्यक्रमात प्रश्न संपतो न संपतो तोच तुमचं उत्तर येतं, पाठ केलेल्या विनोदासारखं. लोक हसले. तुम्ही दुकानात ऐकलंत आणि एवढंच म्हणालात, "आवाज साफ आलाय." त्यानंतर महिन्यात तुम्ही गेलात.

परवा तुमच्या त्याच मुलीचा फोन आला. "अब्बा ते हसण्यावारी बोलले का गं? मला पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायचंय. आहे ना तुझ्याकडं?" मी म्हटलं, आहे, पाठवते.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि तिला दाखवायची माझी हिंमत नाही. दोन दिवस मी उरलेल्या कापलेल्या रेकॉर्डिंगमध्ये त्या उत्तराआधी रिकामी जागा घालून बघतेय. आठ सेकंद, मग अकरा, मग पुन्हा आठ. तुम्ही नेमके किती थांबला होतात ते मला सांगता येत नाही, चाचा. तेव्हा मी खाली मान घालून पुढचा प्रश्न वाचत होते.