दोर संपला, बशी दिसतच होती

अहो,

आपल्या बिल्डिंगला तुमच्या त्या खदानीतलं पाणी यायला लागलंय, म्हणून लिहायला बसले. नाहीतर तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, मी एक ओळ लिहिली नव्हती. आणि 'अहो' म्हणून कोणी पत्राला सुरुवात करतं का, असं आपली मनू विचारेल. विचारू दे! तुम्ही होतात तेव्हा कधी नाव घेतलं नाही, आता कशाला घेऊ?

नळ अजून आला नाही. बिल्डर अजून 'येईल, येईल' म्हणतोय. यंदा मार्चमध्येच आजूबाजूच्या विहिरी आटल्या आणि टँकरवाल्याने नवी जागा शोधली. गोखिवऱ्याच्या मागे, डोंगर फोडून दगड नेले आणि मागे ते खोल तळं राहिलं, तीच जागा. पहिला टँकर आला तेव्हा सगळे खाली जमले. सेक्रेटरींनी पेल्यात पाणी घेऊन उन्हात धरलं आणि म्हणाले, "बघा वहिनी, काच आहे काच!" बायका आनंदाने बादल्या भरत होत्या. मी बादली तिथेच टाकून वर आले.

तुम्ही असतात तर काय केलं असतं? आधी माझी बशी पळवली असती!

माझ्या लग्नातल्या चहाच्या सेटमधली ती पांढरी बशी. सुतळीने पार्सलसारखी बांधलीत, खाली दगड लटकवलात आणि माशांच्या नादासाठी कायमची नेलीत. पाहुणे आले की एकाला नेहमी वेगळी बशी. किती भांडले मी तुमच्याशी! तुम्ही म्हणायचात, "अगं, पाणी किती गढूळ आहे ते डोळ्याला खरं कळत नाही. बशी खाली सोडायची. कुठे दिसेनाशी होते ते बघायचं आणि मग फिरकी निवडायची." जणू काही सरकारी कामच होतं ते.

त्या फिरक्या तर मला अजून दिसतात. वाकवलेली तार, तिच्या एका टोकाला गळ आणि त्यावर रबराची झालर, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं पातं. गास गावचे फ्रान्सिसभाऊ जहाजावर होते तेव्हा दर सुट्टीत परदेशातून मूठभर आणायचे तुमच्यासाठी. मी एकदा त्यातली एक कानाला लावून आरशात बघत होते, तर तुम्ही केवढ्याने ओरडलात, "शालन, गळ लागेल!" काळजी माझ्या कानाची होती की फिरकीची, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी तांदूळ निवडत बसले की तुमचं सुरू. पाणी गढूळ असेल तर मोठं, गोल, पितळी पातं. माशाला दिसत नसलं तरी पाण्यातला थरथराट कळतो. झालर काळी नाहीतर पिवळी, आणि ओढायचं सावकाश. शेवाळलेल्या हिरव्या पाण्यात तांब्याचं. पाणी निवळ असेल तर चांदीच्या रंगाचं, छोटं, लांबट पानासारखं. झालर पांढरी आणि ओढायचं भरभर, माशाला नीट बघायला वेळच द्यायचा नाही. सगळं पाठ झालं हो मला! मालवणची बाई मी, गोड्या पाण्यातला मासा कधी तोंडात घेतला नव्हता. तुम्ही पहिली मरळ घरी आणलीत, तेव्हा तिचं तोंड बघून मी साप साप म्हणून किंचाळले होते. मग तिखट-मीठ लावून तळली. चव चांगली होती. तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही, आता सांगते.

त्या शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही रविवारी घरी यायचात ते खुशीत. "पाणी निवळायला लागलंय." पुढच्या रविवारी, "आणखी निवळलं." चांदीची पाती डबीतून बाहेर आली, पांढऱ्या झालरी लागल्या. पण मासा? एक नाही! तुम्ही रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन ती डबी उघडून बसायचात. पातं मोठं झालं असेल. झालर जाड झाली असेल. आपण ओढतोय हळू. मासा पाण्यात आहे हे तुम्ही धरूनच चालला होतात. फक्त आपली निवड चुकतेय, एवढंच तुमच्या डोक्यात.

"काल दोर संपला, शालन," एकदा तुम्ही म्हणालात, "अख्खा दोर सोडला आणि बशी दिसतच होती!" किती आनंदाने सांगितलंत. मला का कोण जाणे, ते ऐकून बरं वाटलं नाही. एवढ्या खोल, अंधारात असायला हवी ना ती बशी? मी म्हटलं, पुरे आता ते तळं, दुसरीकडे जा. तुम्ही हसलात.

फ्रान्सिसभाऊंनाही ते नको होतं. आपल्याच दारात उभे राहून ते म्हणाले होते, "विनायक, पानी लय साफ झालाय. मला नाय आवडत. पयले बेडूक वरडायचे तिकडं, आता बेडूक पन नाय." त्यावर तुमचं उत्तर तयार, "अरे, थंडीत पाणी निवळतंच." सगळ्याला तुमच्याकडे उत्तर असायचं! आणि ती पितळी पाती लालसर पडून घरी आली, तेव्हाही तुम्ही ती मला कौतुकाने दाखवलीत. "बघ, पितळेचं तांबं झालं, फुकटात." मी म्हटलं, "चिंचेत विसरलात की काय? माझे पितळी तांबे असेच लाल पडतात चिंच लावून ठेवली की." आपण दोघंही हसलो आणि जेवायला बसलो.

पुढचं मी फ्रान्सिसभाऊंच्या तोंडून ऐकलंय, तुम्ही तर सांगायला आला नाहीत. त्या दिवशी तुमची डबीतली सगळी पाती लावून झाली होती. शेवटी चांदीचं लहान पातं तळाच्या एका झुडपात अडकलं. ओढलं, येईना. वरून ते लख्ख दिसत होतं, अगदी कमरेएवढ्या पाण्यात पडल्यासारखं. तुम्ही म्हणालात, "हे काय इथेच आहे," आणि पँट वर करून उतरलात. गिरगावात वाढलेला माणूस, पोहणं तुम्हाला ठाऊक नाही! तिथे उतार नव्हता, सरळ फोडलेला कडा होता. कमरेएवढं दिसत होतं ते पाणी दोन मजले खोल होतं.

फ्रान्सिसभाऊंनी दोर टाकला, आरडाओरडा केला, माणसं बोलावून आणली. तोवर तुम्ही तळाशी होतात. आणि अहो, ते मला रडत सांगत होते की वरून त्यांना तुमच्या शर्टाची बटणं दिसत होती. एवढं निवळ! त्यांना सगळं दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. त्यानंतर ते पुन्हा जहाजावर गेले नाहीत.

असं ते पाणी. ते आता आपल्या घरात आहे. आणि मनू बाळंतपणाला आलीय.

तिला आठवा महिना चाललाय. तुमच्यासारखीच हट्टी. पहिल्या आठवड्यात मी पाण्याबद्दल कुरकुरले, तर म्हणाली, "आई, सगळे पितात. थोडं तुरट लागतं, एवढंच. दगडातलं पाणी आहे." मीही विषय सोडला, म्हटलं बाबांचं दुःख पोरीच्या डोक्यात कशाला घालू. मग चहा फाटायला लागला. एकदा फाटला, दुधाला नावं ठेवली. दूधवाला बदलला, तरी फाटला. आणि परवा देवासमोरची पितळी कळशी पुसायला घेतली, तर आतून लालसर पडलेली. पाण्याची रेघ जिथवर, तिथवर. चिंच मी तिला महिनाभर लावली नव्हती.

तुमची लालसर पाती डोळ्यांपुढे आली. फ्रान्सिसभाऊंना निरोप पाठवला.

ते आले, त्यांनी कळशीत आतून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "शालनबाय, कारखान्यांच्या गाळ्यांतून कोन तरी केमिकलची पिंपं आनून तिकडं वततात. माझ्या पोरानं बघितलाय. मासा मेला, बेडूक मेला, शेवाळ मेला. आता पानी गढूळ करनार कोन?" कोणत्या गाळ्यातली पिंपं, ते त्यांना माहीत नाही. मी विचारलं, मग विनायकराव शेवटचे कितीतरी रविवार...? पहिल्यांदाच तुमचं नाव तोंडातून निघालं बघा. ते मान खाली घालून म्हणाले, "मासा नव्हताच तिकडं."

मासा नव्हताच! तुम्ही पाती बदलत बसलात, झालरी बदलत बसलात, मला विचारत बसलात की पांढरी बरी की मोतिया, आणि त्या पाण्यात जिवंत असं काही उरलंच नव्हतं. मला तुमचा इतका राग आला! तुमच्याएवढं पाण्याकडे टक लावून बघणारं माणूस मी पाहिलं नाही. मग एवढं कसं दिसलं नाही हो तुम्हाला?

आता मनूला गासच्या विहिरीचं पाणी येतं. फ्रान्सिसभाऊ स्कूटरवरून कॅन आणून देतात. पण त्याआधी ती जे प्यायली, त्याचं काय? ती पोटावर हात ठेवून बसली की मी तिच्या हाताकडे बघत राहते. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं ठीक वाटतंय. 'वाटतंय' हा शब्द मला पुरत नाही. टँकरच्या पाण्याची एक बाटली लॅबमध्ये तपासायला दिलीय. उत्तर यायला वेळ लागेल म्हणाले. तोवर बिल्डिंगमधली लहान मुलं तेच पाणी पिणार ना?

सेक्रेटरींकडे कळशी घेऊन गेले. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, गढूळ असतं तर मीच परत पाठवलं असतं. पण एवढं स्वच्छ पाणी! विनायकभाऊ तिथे गेले ना, म्हणून तुमच्या मनाने घेतलंय." त्यांची बायको माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मला ओरडावंसं वाटत होतं की आमचे हेही असंच म्हणायचे, स्वच्छ, स्वच्छ! पण डोळ्यांत पाणी आलं आणि मग तर काय, विधवा बाई रडते म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

काल दुपारी आणखी एक गोष्ट घडली. टँकर रिकामा करून झाल्यावर ड्रायव्हर जिना चढून आला. घामाने निथळत होता. "मावशी, प्यायला पाणी द्या जरा." मी आत गेले. मनूच्या कॅनला हात लावला आणि मग काढून घेतला. मुद्दाम पिंपातलं, त्याच्याच टँकरचं भरून आणलं. तो पेला तोंडाजवळ नेऊन थांबला. पाण्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"मावशी, हे कुठलं?"

"तुझंच, टँकरचं."

त्याने पेला एक थेंबही न सांडता कठड्यावर ठेवला. "राहू दे मावशी. तेवढी तहान नाही," म्हणाला आणि भराभरा खाली उतरून गेला.

रात्रभर मी ठरवत होते की उद्या सगळ्यांसमोर तो पेला त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, पी. सेक्रेटरी बघतील, बायका बघतील, मग कळेल. पण पहाटे मनात आलं, हल्ली मालक कधीकधी टँकरसोबत येतो. त्याच्यादेखत त्या पोराची काय छाती आहे नाही म्हणायची? तो डोळे मिटून गटागटा पिऊन टाकेल आणि सगळे टाळ्या वाजवतील. मग तर पाणी चांगलंच ठरलं! आणि तोही कोणाचा तरी मुलगा आहे हो. नको. तो पेला मी कोणाच्याच हातात देणार नाही.

म्हणून तुम्हाला वेगळा शब्द देते. खाली पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण आहे ना, ज्यातून टँकरचा पाइप आत सोडतात? टँकर यायच्या आत मी त्या झाकणावर जाऊन बसणार आहे. बाटलीचं उत्तर येईपर्यंत तिथून उठणार नाही. फ्रान्सिसभाऊ म्हणालेत की मीही येतो, पण त्यांना सांगितलंय, तुम्ही गासचं पाणी आणायचं बघा, जमेल तेवढ्या कॅनमधून, सगळ्या पोरांना पुरेल असं. लोक चिडतील. टँकर परत गेले तर काही दिवस कोरडे जातील, मला शिव्या देतील, विनायकरावांची बायको भ्रमिष्ट झाली म्हणतील. म्हणू देत. मालवणची बाई एकदा बसली की उठत नाही, हे तुमच्याएवढं कोणाला ठाऊक आहे?

मनूला काही सांगितलेलं नाही. ती अजून झोपलीय, एका कुशीवर, उशीत तोंड खुपसून. आज तुम्ही असायला हवे होतात, माझ्याशेजारी, त्या झाकणावर. दोघांना पुरेल एवढं आहे ते.

गेटमधून टँकर आत घेतायत, आवाज येतोय. आज लवकर आला. जाते.

तुमचीच,
शालन